पोलाद एक अंशाने तापलं, तर दाब किती वाढतो?

प्रश्न असा आहे: वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांना बांधणारं सूत्र शाळेतच शिकवतात. घन पदार्थाला असं सूत्र आहे का? आणि असेल तर पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, बेअरिंग चढवताना, सील बसवताना, जॉब (घडवलेला भाग) मोजताना ते कसं वापरायचं?

सूत्र आहे, आणि ते अवघडही नाही. पण त्यात आकडे भरण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: या वस्तूला फुगायला किती बाजूंनी अडवलंय? हे न ठरवता केलेले हिशेब दुपटी-तिपटीने चुकतात, रबराच्या बाबतीत तर हजारपटीने. वायूला हा प्रश्न पडत नाही, कारण तो कायम भांड्यात कोंडलेला असतो. घन पदार्थ आपला आकार आपणच धरून ठेवतो. टेबलावर मोकळा ठेवलेला पोलादी ठोकळा शंभर अंशांनी तापवला, तर त्याचं आकारमान साधारण ०.३५ टक्का वाढतं आणि आतला दाब होता तेवढाच राहतो. म्हणजे घन पदार्थात तापमान वाढलं म्हणून दाब वाढत नाही. वाढणाऱ्या वस्तूला कोणीतरी धरून ठेवलं, तर वाढतो.

आता सगळ्या बाजूंनी पक्कं धरून ठेवलं असं समजू. त्यासाठी दोन आकडे लागतात. पहिला आकारमान प्रसरणांक: एका अंशाला आकारमान किती पटीने वाढतं. रेषीय प्रसरणांकाच्या तिप्पट घ्यायचा. साध्या पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला दहा लाखांत ११.७, म्हणून आकारमानाचा दहा लाखांत ३५. दुसरा आकडा बल्क मॉड्युलस: सगळीकडून दाबल्यावर पदार्थ किती ताठ राहतो. पोलादासाठी तो १,६३,००० मेगापास्कलच्या आसपास असतो (एक मेगापास्कल म्हणजे १० बार). वातावरणाच्या दाबाला असलेल्या हवेचा बल्क मॉड्युलस ०.१ मेगापास्कल आहे. पोलाद हवेपेक्षा सोळा लाख पट ताठ. मग

दाबातली वाढ = बल्क मॉड्युलस × आकारमान प्रसरणांक × तापमानातली वाढ

पोलादाचं उत्तर येतं दर अंशाला ५.७ मेगापास्कल, म्हणजे ५७ बार. घरचा कुकर साधारण एक बारला शिट्टी देतो. त्याच्या सत्तावन्न पट दाब, तोही फक्त एका अंशाला. तांब्याला हाच आकडा सुमारे ७ मेगापास्कल येतो, ॲल्युमिनियमला ५.२. ॲल्युमिनियम फुगतं दुप्पट, पण ताठपणा निम्म्याहून कमी, म्हणून गुणाकार जवळपास तेवढाच.

प्रत्यक्षात सगळ्या बाजूंनी इतकं घट्ट धरणारं काही नसतं. बहुतेक वेळा वस्तू एका बाजूला अडते आणि उरलेल्या बाजूंना फुगून घेते. त्यासाठी यंग्ज मॉड्युलस (एकाच दिशेने ओढल्या-दाबल्यावर पदार्थ किती ताठ राहतो) आणि पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने दाबल्यावर तो आडवा किती फुगतो त्याचं प्रमाण) लागतं. पोलादाला ते अनुक्रमे २,०५,००० मेगापास्कल आणि ०.२९. एकाच दिशेने अडवलं, तर स्ट्रेस (दर क्षेत्रफळाला येणारा आतला जोर) म्हणजे यंग्ज मॉड्युलस गुणिले रेषीय प्रसरणांक: दर अंशाला २.४ मेगापास्कल. दोन दिशांनी अडवलं, तर त्याला १ वजा पॉयसन गुणोत्तराने भागायचं: ३.४. तिन्ही दिशांनी अडवलं, तर १ वजा दोन पॉयसन गुणोत्तर याने भागायचं: ५.७, म्हणजे वरचाच आकडा पुन्हा आला. २.४, ३.४, ५.७. पोलादात काम करणाऱ्याने हे तीन आकडे पाठ ठेवावेत. शॉपमधले निम्मे प्रश्न एवढ्यावर तोंडी सुटतात.

एका दिशेच्या अडवणुकीचं सगळ्यात मोठं उदाहरण पुणे स्टेशनात उभं राहिलं की पायाशीच दिसतं. लांब जोडलेल्या रुळांत पूर्वीसारख्या दर काही मीटरला फटी नसतात. दोन्ही टोकांचे साधारण शंभर मीटर तेवढे पुढे-मागे होतात, मधला सगळा रूळ स्लीपर आणि खडीने जागच्या जागी धरलेला असतो. साठ किलो वर्गाच्या रुळाचा छेद सुमारे ७७ चौरस सेंटीमीटर. २.४ ने गुणलं की एका अंशाला एका रुळात जवळजवळ १.९ टन जोर. रूळ ज्या तापमानाला मोकळा करून बांधला, त्यापेक्षा एप्रिलच्या उन्हात तो वीस अंशांनी जास्त तापला, तर एका रुळात ३७ टन आणि जोडीत ७५ टन दाब साठतो. मधल्या भागात रूळ एक मिलिमीटरही सरकलेला नसतो. डोळ्याला काहीच दिसत नाही, म्हणून हा दाब फसवतो. कुठे खडी खांद्यावरून (स्लीपरच्या टोकांबाहेरच्या पट्ट्यातून) कमी झाली असेल किंवा नुकतंच खोदकाम झालं असेल, तर रूळ तिथेच एका बाजूला फाकतो. रूळ बांधतानाचं तापमान त्या भागातल्या रुळाच्या किमान-कमाल तापमानाच्या मध्यापेक्षा थोडं वर धरतात ते याचसाठी. हिवाळ्यात जास्त ओढ सोसावी लागली तरी चालेल, उन्हाळ्यात दाब कमी हवा. तुटलेला रूळ निदान सिग्नलच्या सर्किटमध्ये सापडण्याची शक्यता असते, वाकलेला तिथे कळत नाही. आणि हवेचं तापमान घेऊन हा हिशेब करू नये. उन्हातला रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी गरम असतो.

दोन दिशांची अडवणूक वेल्डिंगवाले रोज बघतात. मोठ्या थंड प्लेटच्या मधोमध एक ठिपका तापवला, तर तो जाडीत फुगू शकतो, पण लांबी-रुंदीत आजूबाजूची थंड प्लेट त्याला धरून ठेवते. माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या स्ट्रेसला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो) २५० मेगापास्कल धरली, तर २५० भागिले ३.४, म्हणजे ७४ अंशांतच तो भाग यील्ड होतो. वेल्डच्या शेजारी तर शेकडो अंश असतात. तापताना दबून कायमचा आखूड झालेला भाग थंड होताना शेजाऱ्यांना ओढतो. प्लेट पंख्यासारखी वळते ती या ओढीने. क्लॅम्प लावून वेल्ड केलं की वळण दिसत नाही, पण ओढ आतच राहते आणि पुढे मशीनिंगला एक कट घेतला की बाहेर येते.

तीन दिशांच्या अडवणुकीत एक वेगळीच गोष्ट घडते. सगळीकडून सारखाच दाब असेल तर धातू यील्ड होत नाही. यील्ड व्हायला दिशांमधला फरक लागतो. म्हणून मजबूत भांड्यात कोंडलेला पदार्थ दाब वाढवत राहतो, वाढवत राहतो, आणि शेवटी भांडंच हार खातं. याचं उदाहरण धातूत शोधण्यापेक्षा ओ-रिंगमध्ये, म्हणजे खाचेत बसवलेल्या रबरी सीलच्या कडीत, शोधावं.

रबर हाताला मऊ लागतं म्हणून ते दाबलं जातं असं आपण धरून चालतो. खरं तर रबराचा फक्त आकार बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्याचं पॉयसन गुणोत्तर ०.४९९ च्याही वर असतं, आणि बल्क मॉड्युलस सुमारे २,००० मेगापास्कल, जवळपास पाण्याएवढा. यंग्ज मॉड्युलस मात्र फक्त ५ मेगापास्कलच्या घरात. नायट्राइल रबराचा रेषीय प्रसरणांक पोलादाच्या जवळपास दहापट, दर अंशाला दहा लाखांत ११० च्या आसपास. आता मघाचेच हिशेब करून बघा. एका दिशेने अडवलं, तर दर अंशाला ०.०००६ मेगापास्कल, म्हणजे काहीच नाही. तिन्ही दिशांनी अडवलं, तर दर अंशाला ०.७ मेगापास्कल. हजारपटीहून जास्त फरक. रबर तेच, तापमान तेच, बदलली फक्त अडवणूक.

याचा अर्थ खाचेत काय होतो ते आकड्यांत बघू. ओ-रिंगची जाडी ३.५३ मिलिमीटर, म्हणजे छेद ९.८ चौरस मिलिमीटर. खाच २.८ खोल आणि ४.८ रुंद असेल तर तिचा छेद १३.४, भराव (खाचेचा रबराने व्यापलेला भाग) ७३ टक्के. बरोबर आहे. आता कोणीतरी ‘रिंग हलायला नको’ म्हणून तीच खाच ३.६ रुंद केली. छेद १०.१, भराव ९७ टक्के. खोलीच्या तापमानाला रिंग छान बसते, प्रेशर टेस्टही पास होते. मशीन चालू झालं, तेल शंभर अंशांनी तापलं. रबराचं आकारमान ३.३ टक्के वाढलं. खाच काठोकाठ भरली, आणि इथून पुढे प्रत्येक अंशाला ०.७ मेगापास्कल. त्यात रबर तेलात फुगतं ते वेगळंच. काही तेलांत ते पाच-दहा टक्के सहज फुगतं, म्हणजे खाच केव्हाच भरलेली असते. तीस अंश आणखी वाढले की वीसेक मेगापास्कल. रबर जिथे फट मिळेल तिथून बाहेर यायला बघतं. काढलेली रिंग हातात घेतली की फटीच्या बाजूची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. अशी रिंग दिसली की बहुतेकजण जास्त कडक रबर मागवतात. त्याआधी खाचेचं आणि रिंगचं आकारमान काढावं, टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) वाईट बाजू धरून. भराव ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. फ्लुरोरबर वापरायचं असेल तर आणखी जागा सोडा, ते नायट्राइलपेक्षा जवळपास दीडपट फुगतं.

आता फिटिंगकडे. ५० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट, त्यावर १०० मिलिमीटर बाहेरील व्यासाचा हब (शाफ्टवर चढणारा भाग), आणि व्यासावर ०.०५ मिलिमीटर इंटरफिअरन्स, म्हणजे शाफ्ट हबच्या भोकापेक्षा (बोअरपेक्षा) तेवढा मोठा. पकडीचा दाब काढण्यासाठी इंटरफिअरन्सला आधी व्यासाने भागायचं, मग दोन्ही भागांच्या लवचिकपणाच्या बेरजेने भागायचं. हबचा लवचिकपणा असा काढतात: मोठ्या आणि छोट्या व्यासांच्या वर्गांची बेरीज भागिले त्यांच्या वर्गांची वजाबाकी, त्यात पॉयसन गुणोत्तर मिळवायचं, आणि यंग्ज मॉड्युलसने भागायचं. भरीव शाफ्टचा लवचिकपणा म्हणजे १ वजा पॉयसन गुणोत्तर, भागिले यंग्ज मॉड्युलस. हबही पोलादी असेल तर दाब ७७ मेगापास्कल येतो. दोघे एकाच पदार्थाचे आणि एकसारखे तापले तर हा दाब तापमानाने बदलत नाही, कारण दोघे सारखेच फुगतात, कोणी कोणाला अडवत नाही.

हब ॲल्युमिनियमचा केला की गणित पार बदलतं. खोलीच्या तापमानालाच पकड ३१ मेगापास्कलवर येते, कारण ॲल्युमिनियम मऊ. मग साठ अंश तापमान वाढलं, तर ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्या प्रसरणांकांच्या फरकामुळे बोअर शाफ्टपेक्षा ०.०३४ मिलिमीटर जास्त उघडतो. उरला ०.०१६. पकड १० मेगापास्कल, म्हणजे एक तृतीयांश. टॉर्क नेण्याची ताकदही त्याच प्रमाणात जाते. ८८ अंशांच्या वाढीला पकड शून्य. सकाळी थंड मशीनवर पुली दगडासारखी घट्ट असते आणि दुपारी लोडवर घसरते, तेव्हा शाफ्टवर लॉकिंग केमिकल ओतण्याआधी हा हिशेब मांडावा. बहुतेक वेळा उपाय असतो तो पोलादी बुश (हबच्या आत बसवलेली नळी) किंवा चावी (शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारी पट्टी). नुसता इंटरफिअरन्स वाढवत गेलं तर थंडीत हबच्या बोअरला तडा जायची वेळ येते.

बेअरिंग तापवून चढवताना हिशेब सरळ आहे. १०० मिलिमीटरचा बोअर, ०.०४५ इंटरफिअरन्स, आणि सहज सरकायला ०.०५ मोकळीक. एकूण ०.०९५ मिलिमीटर उघडायला साधारण ऐंशी अंश लागतात. शॉप तीस अंशांवर असेल तर बेअरिंग ११० वर न्यायचं. (रिंग तापली की भोकही मोठंच होतं. धातू आतल्या बाजूला फुगून भोक लहान होईल ही समजूत अजून ऐकू येते. रिंगचा प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात मोठा होतो, भोकही.) साध्या बेअरिंगला १२० च्या वर नेऊ नये, त्याचं कारण खाली येईल. गॅसची टॉर्च मारू नये. एक बाजू दोनशेला आणि दुसरी साठला असली की हातातल्या थर्मामीटरला सरासरी दिसते आणि रिंग अंडाकृती होते. इंडक्शन हीटर वापरला तर शेवटी डिमॅग्नेटायझेशन झालंय, म्हणजे चुंबकत्व काढलंय, याची खात्री करा, नाहीतर बेअरिंग चालताना लोखंडाची भुकटी ओढून घेईल.

उलट बाजूने, म्हणजे भाग थंड करून बसवताना, एक चूक वारंवार होते आणि तिच्यामागे चांगलं भौतिकशास्त्र आहे. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये ४० मिलिमीटरची लोखंडी व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडी) बसवायची आहे, इंटरफिअरन्स ०.१०. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. वीस अंशांपासून फरक २१६ अंश. पुस्तकातला ११.७ घेऊन गुणलं, तर सीट ०.१०१ मिलिमीटर आकसायला हवी, म्हणजे जेमतेम सरकेल. प्रत्यक्षात लोखंड तिथवर जाताना एकूण ०.१९ टक्केच आकसतं, म्हणजे ०.०७६. सीट अर्ध्यात अडकते. मग हातोडा येतो, सीटची कड ॲल्युमिनियम खरवडते, तो खवला सीटखाली जातो, सीट पूर्ण टेकत नाही, तिची उष्णता हेडमध्ये नीट जात नाही, आणि काही महिन्यांनी ती सुटते.

योग्य पद्धत: हेड ओव्हनमध्ये १२० अंशांवर, पूर्ण मुरेपर्यंत. त्याने बोअर ०.०८४ उघडतो. सीट नायट्रोजनमध्ये बुडवून उकळणं शांत होईपर्यंत थांबायचं. बुडबुडे जोरात येत असतील तर सीट अजून गरम आहे. दोन्ही मिळून ०.१६, म्हणजे ०.०६ ची मोकळीक. सीट बाहेर काढून काही सेकंदांत, तिच्यावर दव गोठायच्या आत, गाइडने एका दमात टेकवायची आणि पकड बसेपर्यंत दाबून धरायची. हेड दीडशेच्या वर नेऊ नये, ॲल्युमिनियमचा टेंपर (उष्णतेच्या प्रक्रियेने दिलेला कडकपणा) उतरायला लागतो. आणि नायट्रोजन कधीही बंद डब्यात किंवा बंद खोलीत नाही. तो वायू होताना सुमारे सातशेपट होतो, खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो, आणि माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही.

थंडीत प्रसरणांक कमी का होतो? अणू एकमेकांना स्प्रिंगने बांधल्यासारखे असतात, पण ही स्प्रिंग दोन्ही बाजूंना सारखी नाही. जवळ ढकलायला कठीण, लांब ओढायला सोपी. म्हणून अणू जास्त थरथरले की सरासरी अंतर वाढतं. थरथर किती, ते पदार्थात साठलेली उष्णता ठरवते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ग्रुनाइझेन यांच्या नावाने ओळखलं जाणारं गुणोत्तर नेमकं हेच मोजतं: तापमानामुळे येणारा दाब भागिले दर आकारमानाला साठलेली उष्णता. एक घन सेंटीमीटर पोलाद एक अंश तापवायला ३.६ ज्यूल लागतात. एक ज्यूल दर घन सेंटीमीटर म्हणजे बरोबर एक मेगापास्कल. ५.७ भागिले ३.६, उत्तर १.६. तांब्याला २.०, ॲल्युमिनियमला २.१ च्या पुढे. इतके वेगळे धातू, पण आकडा दीड ते सव्वादोनच्या मधेच. हे गुणोत्तर तापमानाने फारसं हलत नाही, त्यामुळे थंडीत विशिष्ट उष्णता कमी झाली की तिच्यामागोमाग प्रसरणांकही कमी होतो. व्हॉल्व्ह सीट अडकते ती या कारणाने. एखाद्या मिश्रधातूचा प्रसरणांक डेटाशीटमध्ये दिला असेल तर तो कोणत्या तापमानापासून कोणत्या तापमानापर्यंतचा आहे, ते आधी वाचा.

दाब दिल्याने घन पदार्थ तापतो का? तापतो, पण अगदी थोडा. हवा झटकन निम्म्या आकारमानात दाबली तर जवळपास ९५ अंश चढते. पोलादावर सगळीकडून १०० मेगापास्कल दिले, तर ०.३ अंश. एका दिशेने ओढलं, तर १०० मेगापास्कलला ०.१ अंश थंड होतं. इतक्या फरकावर इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चालू भागातला स्ट्रेस मोजण्याची पद्धत उभी आहे. रबर इथेही उलटं वागतं. रुंद रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा, ऊब जाणवते. ताणलेल्या रबराला वजन टांगून हेअर ड्रायर मारला तर वजन वर चढतं, कारण ताणलेलं रबर तापल्यावर आखडतं.

आतापर्यंत सगळं सरळ रेषेत धरलं. शॉपमधल्या दाबांना ते पुरतं. समुद्राच्या सर्वात खोल जागी सुमारे ११० मेगापास्कल असतात, तिथेही पोलादाचा ठोकळा फक्त ०.०७ टक्का लहान होतो. हजारो मेगापास्कलवर मात्र पदार्थ दाबला जाईल तसा आणखी ताठ होतो. दाब आणि आकारमान जोडणारं, मर्नाघन या शास्त्रज्ञाचं १९४४ चं आणि बर्च या शास्त्रज्ञाचं १९४७ चं समीकरण यासाठी वापरतात. लोखंडावर १०,००० मेगापास्कल दिले, तर सरळ गुणाकाराने आकारमान ६ टक्क्यांहून जास्त घटायला हवं. ताठपणाची वाढ धरली की ५.३ टक्के येतं. १३,००० च्या सुमारास लोखंडाची स्फटिकरचनाच बदलते, तिथे दोन्ही हिशेब थांबतात.

पुण्याखालचा बेसॉल्टही याच नियमाने चालतो, आणि त्यातलं संतुलन पाहण्यासारखं आहे. एक किलोमीटर खाली गेलं की वरच्या खडकाच्या वजनाने दाब सुमारे २८ मेगापास्कलने वाढतो. खंडीय कवचात तापमान दर किलोमीटरला साधारण २५ अंशांनी वाढतं, आणि अडवलेल्या बेसॉल्टमध्ये एका अंशाला जवळपास १ मेगापास्कल येतो. म्हणजे वजन जेवढं दाबतं, जवळजवळ तेवढंच तापमान फुगवतं. म्हणून वरच्या काही किलोमीटरमध्ये अखंड खडकाची घनता फारशी बदलत नाही.

हे सगळे हिशेब जिथे अचानक मोडतात त्या दोन जागा शॉपमध्येच आहेत. पहिली कडक केलेलं पोलाद. क्वेंचिंगनंतर (तापवून झटकन थंड केल्यावर) त्यात थोडा ऑस्टेनाइट, म्हणजे गरम पोलादातली स्फटिकरचना, शिल्लक राहतो. तो पुढे बदलला की त्या भागाचं आकारमान चारेक टक्के वाढतं. दहा टक्के ऑस्टेनाइट शिल्लक असेल आणि तो सगळा बदलला, तर १०० मिलिमीटरवर ०.१३ मिलिमीटर वाढ, आणि थंड झाल्यावर ती परत जात नाही. साध्या बेअरिंगला १२० अंशांची मर्यादा या बदलामुळेच. गेज (मापं तपासायची साधनं) बनवणारे सब-झीरो ट्रीटमेंट करतात, म्हणजे भाग शून्याच्या खाली थंड करतात, तेही यासाठी, भाग कपाटात ठेवल्या ठेवल्या वाढू नये म्हणून.

दुसरी जागा टेफ्लॉन, आणि पुण्याच्या हवेत ही खास त्रास देते. टेफ्लॉनची स्फटिकरचना १९ अंशांच्या आसपास बदलते आणि तेवढ्यात आकारमान साधारण एक टक्का वाढतं. १०० मिलिमीटरच्या रिंगला हे ०.३ मिलिमीटर पडतं. नेहमीचं प्रसरण, जे पोलादाच्या दहापट आहे, ते वेगळं. डिसेंबर-जानेवारीत शॉप सकाळी १३-१४ अंशांवर असतं आणि दुपारी २८ वर. म्हणजे ही रेषा रोज दोनदा ओलांडली जाते. सकाळच्या शिफ्टला टर्न केलेली रिंग ड्रॉइंगप्रमाणे अचूक मोजली जाते आणि दुपारी इन्स्पेक्शनला अर्धा मिलिमीटर मोठी निघते. ऑपरेटरवर ठपका येतो, खरं तर दोघांचीही मापं बरोबर असतात.

यावर उपाय करता येतो. टेफ्लॉनचे बार थंडीच्या दिवसांत आदल्या रात्रीच २५ अंशांच्या खोलीत आणून ठेवावेत. उष्णता त्यातून फार सावकाश जाते, ५० मिलिमीटरच्या बारला सगळीकडे सारखं व्हायला तीन-चार तास लागतात. मशीनवर कूलंट लावत असाल तर टाकीचं तापमानही बघा, रात्रभर थंडावलेलं कूलंट जॉबला पुन्हा १९ च्या खाली नेतं. शेवटचा कट घेण्याआधी जॉब मोकळा सोडून थांबावं. मापं २३ ते २५ अंशांतच घ्यावीत, आणि ड्रॉइंगवर टॉलरन्सशेजारी मोजमापाचं तापमान लिहावं. मायक्रोमीटरचा रॅचेट हलका ठेवावा, टेफ्लॉन दबतं आणि दबलेलं सावकाश परत येतं.